तळटीप १४ : येंको कॅमारो
१४. येंको कॅमारो : पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्गचे शेव्हरोले विक्रेते व शर्यतपटू डॉन येंको (मृत्यू १९८७) यांनी ताकद वाढवून विकलेली शेव्हरोलेची कॅमारो गाडी. कॅमारोत ४०० घनइंचांहून मोठे इंजिन घालायला शेव्हरोलेच्या मालक कंपनीची, जनरल मोटर्सची, मनाई होती. म्हणून १९६७पासून येंकोंच्या कार्यशाळेत मूळ इंजिन उतरवून ४२७ घनइंचांचे, म्हणजे सुमारे सात लिटरचे, चढवले जाई. कॅमारोत मिळणारे ३९६ घनइंचांचे इंजिन आणि हे ४२७ एकाच घडणीची असल्याने ३९६वाल्या गाडीत ते फारशी काटछाट न करता बसे. १९६९मध्ये मात्र ‘कोपो ९५६१’ या खास मागणीपत्रावर कारखान्यानेच ४२५ अश्वशक्तीचे ४२७ बसवून दिले. मजकुरातील गाडी १९६९ची आहे. तेव्हा ‘खुद्द येंकोने इंजिन बदलले’ ही निवेदकाची फुशारकीच समजावी. पुढे येणारा ‘चार-दहा’ हा आकडा मागच्या अॅक्सलच्या गुणोत्तराचा : चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे ४.१० फेरे. त्याने उठाव जबर मिळतो, पण हमरस्त्यावर इंजिन सतत चढ्या फेऱ्यांत राहून मोठा आवाज करते. बायकोची कुरकुर त्याच आवाजाबद्दल आहे.