औषधयादी, वैयक्तिक (शिरूर व दौंड तालुके)

रुग्ण सध्या प्रत्यक्षात घेत असलेल्या सगळ्या औषधांची, त्याने किंवा घरच्यांनी ठेवलेली आणि तारीख घातलेली नोंद. औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, ते कशासाठी व कोणी दिले आणि पूर्वी कशाची रिॲक्शन आली होती, एवढे तिच्यात हवेच. इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, काढे, भस्मे आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्याही तिच्यात येतात. नेमक्या याच गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या राहून जातात.

पुणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत यादी रुग्णाच्याच हाती असायला हवी, कारण इथल्या माणसाचे उपचार सहसा एका ठिकाणी होत नाहीत. शिरूर पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर आहे, दौंड रेल्वेचे जंक्शन आहे. मोठ्या दुखण्याला माणूस तालुका सोडून शहर गाठतो आणि तापाला, गुडघ्याला पुन्हा गावातल्याच दवाखान्यात जातो. प्रत्येक डॉक्टरला आपली चिठ्ठी दिसते, सगळ्या चिठ्ठ्या फक्त रुग्णाच्या पिशवीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधांमुळे होणारा टाळता येण्याजोगा अपाय रोखण्याची जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा तीन जागा धोक्याच्या ठरवल्या: जोखमीची औषधे व प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधे, आणि एका उपचारस्थानाकडून दुसरीकडे जाणे. इथल्या वयस्कर मधुमेही रुग्णाच्या वाट्याला हे तिन्ही एकदम येऊ शकते. ग्लिमेपिराइड दोन वेगळ्या व्यापारी नावांनी दोन डॉक्टरांकडून मिळाले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतले, तर रक्तस्रावाची भीती वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हात राबून अंगातले पाणी कमी झालेल्या माणसाला तो अधिक जाचतो. व्यापारी नावावर विसंबणेही बरे नव्हे. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मिळत्याजुळत्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि औषधांच्या नावांतला गोंधळ जिवावर बेतू शकतो म्हणून तिथे कसोटी अधिक कडक हवी, असे न्यायालयाने २००१ मध्ये बजावले.

आता आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांक आला, मग कागद कशाला, असा आक्षेप घेतला जातो. हा क्रमांक देणारे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि त्याचा उपयोग आहेच. पण त्या खात्यात मुख्यतः दवाखान्याने भरलेले दिसते. लिहून दिलेली गोळी रुग्णाने चक्कर येते म्हणून महिन्यापूर्वीच सोडली, हे त्याच्याखेरीज कोण नोंदवणार? गोळ्यांच्या पाकिटांचा फोटोही म्हणूनच अपुरा पडतो. वाचता न येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे यादी घरातल्या शिकलेल्या मुलीने, मेडिकलवाल्याने किंवा आशाताईंनी लिहून द्यावी आणि रुग्णाने ती सोबत बाळगावी.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: जुनी यादी ही यादी नसण्यापेक्षा वाईट, कारण डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवतात. हे खरे आहे. नोंद ताजी ठेवावीच लागते, याचे उदाहरण जवळच आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे काम चालते. तिथे २००२ पासून शिरूर व हवेलीतील २२ गावांच्या लोकसंख्येची आरोग्यनोंद ठेवली जाते, आणि जन्म, मृत्यू, स्थलांतर टिपायला कार्यकर्ते पुन्हा पुन्हा घरोघर जातात. तशा फेऱ्यांवाचून ती नोंद निरुपयोगी ठरली असती. औषधयादीलाही तोच नियम लागू आहे. गोळी बदलली, बंद झाली किंवा रुग्णालयातून डिस्चार्ज कार्ड हाती आले की त्याच दिवशी जुनी ओळ खोडून नवी तारीख घालावी. औषधाने अपाय झाल्याचा संशय आल्यास भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. तिथल्या नोंदपत्रातही त्या वेळी चालू असलेली इतर औषधे विचारलेली असतात.