वॉर्सावर गेलेली विमाने

ऑगस्ट १९४४मध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा कोल्हापूरजवळच्या वळीवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेले होते. पुढे इराणमार्गे ती इकडे आली. त्यांच्यातल्या कित्येकांचे वडील-भाऊ पोलिश सैन्यात होते.

त्या सैन्यातलीच एक तुकडी उठावाला हवाई मदत पोहोचवत होती: १५८६ क्रमांकाची पोलिश तुकडी. तिची बॉम्बफेकी विमाने इटलीतल्या ब्रिंडिसीहून बॉम्बऐवजी शस्त्रे घेऊन निघत. जाऊन-येऊन दहा-अकरा तास, आणि जळत्या शहरावर जेमतेम दीडशे मीटरवरून माल टाकायचा. स्टालिनने जवळच्या सोव्हिएत तळांवर उतरू दिले नाही, म्हणून गोळ्यांनी चाळण झालेल्या विमानालाही परतीचा तोच लांबचा रस्ता. कॅप्टन झ्बिग्निएव्ह शोस्ताक यांचे लिबरेटर १४-१५ ऑगस्टच्या रात्री परतताना बोख्नियाजवळ पाडले गेले. आतला एकही जण वाचला नाही.

२ ऑक्टोबरला वॉर्साने शरणागती पत्करली. जे वैमानिक जगले, त्यांतल्या अनेकांना युद्धानंतर मायदेशी परतता आले नाही. वळीवड्याच्या कुटुंबांचेही तेच झाले: त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४८मध्ये छावणी रिकामी झाली. तिथे सिंधी निर्वासित आले; आजचे गांधीनगर ते हेच.