ओळखपत्राचे प्रयोजन

सरकारी नोकरीत आमची हयात गेली. शिधापत्रिका केवळ धान्य-साखरेसाठी आहे, असे आम्ही लोकांना बजावीत असू आणि त्याच लोकांकडून रहिवासाचा पुरावा म्हणून तीच पत्रिका मागतही असू. त्या वेळी यात काही वावगे वाटले नाही. निवृत्तीनंतर इंग्लंडमधील ओळखपत्रांचा इतिहास वाचनात आला, तेव्हा ही खोड केवळ आमच्या कचेरीची नव्हती हे ध्यानी आले.

दुसरे महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच २९ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय नोंदणी झाली व प्रत्येकाच्या हाती कार्ड आले. प्रयोजने तीनच सांगण्यात आली होती: सैन्यभरती, देशाची सुरक्षितता आणि शिधावाटप. १९४५ साली युद्ध संपले, कार्ड मात्र राहिले. १९५० पर्यंत ३९ सरकारी खाती त्या नोंदींचा उपयोग करू लागली होती. पोलीस तर वाटेल त्या कारणाने कार्ड मागत.

७ डिसेंबर १९५० रोजी लंडनच्या फिंचली भागात क्लॅरेन्स विलकॉक या गृहस्थांची मोटार पोलीस शिपाई मकल याने थांबवली व कार्ड मागितले. आपण लिबरल आहोत, असल्या प्रकाराला आपला विरोध आहे, असे सांगून विलकॉक यांनी साफ नकार दिला. खालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले, पण शिक्षा काही दिली नाही. १९५१ साली अपील सात न्यायाधीशांपुढे चालले. युद्धाच्या आणीबाणीसाठी केलेला कायदा आणीबाणीबरोबर संपला, हा त्यांचा मुद्दा. तो फेटाळला गेला. कायदा रीतसर मागे घेतलेला नव्हता, म्हणून तो जिवंत होता. विलकॉक हरले. तथापि मुख्य न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी सरकारलाही सोडले नाही. एका हेतूने केलेला कायदा दुसऱ्याच हेतूने वापरल्यास कायदा पाळणारी माणसे कायदा मोडणारी होतात आणि पोलीस व जनता यांच्यातील सलोखा बिघडतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी कार्डे रद्द झाल्याची घोषणा झाली. गंमत अशी की, नोंदणीचे क्रमांक तोवर सरकारी आरोग्यसेवेने उचलले होते. कार्ड गेले, क्रमांक उरला.

पुढे २००६ साली तेथे पुन्हा ओळखपत्राचा कायदा झाला. या वेळी प्रयोजने कायद्यातच लिहिली: राष्ट्रीय सुरक्षा, गुन्ह्यांना प्रतिबंध, परदेशीयांच्या प्रवेशावर नियंत्रण, बेकायदा नोकरीस आळा आणि सार्वजनिक सेवांची कार्यक्षम व्यवस्था. पहिली चार कलमे समजण्याजोगी आहेत. पाचव्यात मात्र काय मावणार नाही? आमच्या मते असे प्रयोजन लिहिणे म्हणजे न लिहिण्यासारखेच, कारण मग ते टेबलावरचा कारकून ठरवतो. हा कायदा २०१० साली रद्द झाला.

त्याच वर्षी, योगायोगाने २९ सप्टेंबरलाच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी आपल्याकडील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. क्रमांक आधी आला, कायदा २०१६ साली. गाभ्याचे प्रयोजन सरकारी अनुदाने व लाभ योग्य हाती पोचविणे हे होते. परंतु कलम ५७ ने खासगी कंपन्यांनाही दार उघडले होते. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चारास एक अशा बहुमताने कायदा उचलून धरला, मात्र खासगी वापराचा हा भाग रद्द केला. २०१९ च्या दुरुस्तीने बँका व दूरध्वनी कंपन्यांसाठी ग्राहकाच्या स्वेच्छेच्या अटीवर ते दार पुन्हा किलकिले झाले. ही स्वेच्छा खिडकीपाशी उभे राहिल्यावर कितीशी टिकते, हे वाचकांना ठाऊक आहे.

संस्थानी काळापासून येथे राहिलेल्या आपल्या घराण्यांना त्या कायद्याचे नववे कलम विशेष लागू पडते. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आमच्या नातवाला मूळ निवासी दाखला हवा होता, तेव्हा कचेरीत सर्वांत आधी आधारच मागितले. ते दिल्यावर, यावरून तुम्ही येथले आहात हे सिद्ध होत नाही, असे उत्तर मिळाले. अखेर पणजोबांच्या संस्थानातील चाकरीचे मोडी कागद आम्ही पेटीतून काढले. ते वाचणारा त्या कचेरीत कोणीच नव्हता.