खेळण्यांतील जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी : संग्रह

डाय-कास्ट पद्धतीने, म्हणजे वितळलेला मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरून घडवलेल्या लहान स्पोर्ट्‌स मोटारी जमवण्याचा, पारखण्याचा आणि जपण्याचा छंद. त्यात १९३० ते १९७० या दशकांतील ब्रिटिश व अमेरिकन खेळण्यांना विशेष मान आहे.

उत्पादक : फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने १९३३ च्या अखेरीस सहा वाहनांचा संच काढला. त्यातील पहिलाच क्रमांक, २२ए, स्पोर्ट्‌स मोटारीचा होता. १९३४ पासून ही खेळणी ‘डिंकी टॉइज’ म्हणून विकली जाऊ लागली. १९५० च्या दशकात डिंकीने ऑस्टिन-हीली, एमजी मिजेट, ट्रायम्फ टीआर२ यांच्या प्रतिकृती काढल्या. त्या रस्त्यावरच्या आणि शर्यतीच्या अशा दोन्ही रूपांत मिळत. १९५६ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथून ‘कॉर्गी’ बाजारात आली. पारदर्शक खिडक्या हे तिचे वैशिष्ट्य होते. तिची १९६५ ची जेम्स बाँडची सोनेरी ॲस्टन मार्टिन डीबी५ अतिशय गाजली. तिचे छप्पर उघडून आसनावरील बाहुला बाहेर फेकला जाई. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ पासून काडेपेटीएवढ्या खोक्यातील ‘मॅचबॉक्स’ मोटारी आणल्या. १९६८ मध्ये अमेरिकेतील मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ काढली. तिच्या पहिल्या सोळा मोटारी कमी घर्षणाच्या चाकांमुळे वेगाने धावत. टायरांवरील तांबड्या रेषेमुळे त्या काळच्या हॉट व्हील्सना संग्राहक ‘रेडलाइन’ म्हणतात.

पारख : तळपट्टीवरील नाव व क्रमांक, चाकांचा घाट, रंगछटा आणि आतल्या भागाचा रंग यांवरून आवृत्ती ठरते. एकाच साच्यातील, पण कमी काळ वापरलेल्या रंगाच्या मोटारीला अधिक किंमत येते. मूळ खोके, न उडालेला रंग व सर्व सुटे भाग असल्यास मूल्य वाढते. ही खेळणी मुलांच्या हातात झिजण्यासाठीच बनली होती. म्हणून अखंड नमुने थोडे उरले. बाँडच्या मोटारीतील इवला बाहुला बहुधा हरवलेला असतो. पुन्हा रंगवलेली गाडी, नव्याने छापलेले खोके व बदललेले टायर ओळखता येणे हे संग्राहकाचे मुख्य कसब होय.

जतन : जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिल्यास धातू फुगतो, तडकतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. युद्धपूर्व डिंकी मोटारींत हा दोष अधिक आढळतो. त्यावर उपाय नाही. कोरड्या व स्थिर तापमानाच्या जागी ठेवल्यास ऱ्हास मंदावतो. ऊन रंग फिका करते, तर जुने रबरी टायर कडक होऊन चिरतात.

भारतातील निर्मिती : डिंकीचे जुने साचे पुढे कोलकात्यात आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ निघाली. इंग्लंडच्या साच्यांतील ही भारतीय खेळणी आता जगभरचे संग्राहक स्वतंत्र वर्ग म्हणून जमवतात.