कुंपणच शेत खाते तेव्हा

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही आपल्याकडील जुन्या पिढ्यांना चांगलीच ठाऊक असलेली गोष्ट. त्या लशीने असंख्य प्राण वाचवले. परंतु तिच्या एका क्वचित घडणाऱ्या दुष्परिणामातून मज्जासंस्थेच्या एका गूढ व्याधीचा उलगडा होऊ लागला, हे फारसे कोणी सांगत नाही. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे आपल्या अनेक मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे आवरण असते. त्यामुळे मेंदूचा संदेश हातापायांपर्यंत वेगाने पोहोचतो. १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को यांनी काही मृत रुग्णांच्या मेंदूत व मज्जारज्जूत कठीण झालेले चट्टे पाहिले. तेथील तंतू बरेचसे शाबूत होते. आवरण मात्र नष्ट झाले होते. हाच आजचा मल्टिपल स्क्लेरोसिस. यात दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात, हाताला कंप सुटतो. लक्षणे ओसरतात आणि पुन्हा उद्भवतात. त्याचे कारण मात्र शार्को यांना गवसले नाही.

६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर आपल्या लशीचा प्रयोग सुरू केला. रेबीज झालेल्या सशांचा मज्जारज्जू वाळवून ती सिद्ध केलेली होती. पुढे लशीचा प्रसार झाला, तेव्हा ती घेतलेल्या थोड्या लोकांना काही दिवसांतच पक्षाघात होऊ लागला. हा रेबीज म्हणावा, तर त्यातले पुष्कळ जण बरे होत. रेबीजमधून तर जवळजवळ कोणीच वाचत नाही. मग दोष कोणाचा? विषाणूचा, की लशीतून शरीरात गेलेल्या परक्या मज्जेचा?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ व १९३५ साली याचे उत्तर शोधले. त्यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. विषाणू नसतानाही काही माकडांच्या मेंदूत दाह झाला व मायलिन नष्ट झाले. पुढे १९६० साली फिलिप पॅटरसन यांनी अशाच आजारी उंदरांच्या लसिकाग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांत घातल्या, तेव्हा त्यांनाही तोच आजार जडला. परकी मज्जा पाहून चवताळलेल्या रक्षक पेशी स्वतःच्याच मज्जेवर तुटून पडत होत्या. कुंपणच शेत खात होते.

या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. काही निरोप दाह भडकवतात, काही तो शमवतात. १९८७ साली मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १८ रुग्णांना गॅमा इंटरफेरॉन दिले गेले, तेव्हा सात जणांचा आजार उसळला. त्याच कुळातील बीटा इंटरफेरॉनने मात्र झटके कमी होतात असे दिसले, आणि १९९३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून असेही दिसले, की एपस्टाइन-बार विषाणूची बाधा झाल्यानंतर या रोगाचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो.

आपल्याकडची चौदा इंजेक्शनांची लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौली येथे विकसित केली होती. ती मेंढीच्या मेंदूपासून बनत असे, आणि तिच्यातही हाच धोका होता. २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आजच्या लशी पेशीसंवर्धनातून तयार होतात व त्यांत मेंदूचा अंश नसतो. कुत्रा चावल्यावर त्या घेण्यास मुळीच कचरू नये.

मल्टिपल स्क्लेरोसिस पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु वेळीच उपचार झाल्यास झटके कमी होतात व तंतूंची हानी मंदावते. म्हणून घरातील तरुण मुलीची नजर एकाएकी अंधुक झाली, पाय जड पडले, आणि महिन्याभरात आपोआप बरे वाटले, तरी ते दुखणे विसरू नये. तिला मज्जाविकारतज्ज्ञांकडे न्यावे. तिच्या थकव्याला आळस, ढोंग वा बाहेरची बाधा म्हणू नये, एवढीच आमची कुटुंबांना विनंती.