डोजेच्या महालामागची भट्टी

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एपकॉट नावाचं थीम पार्क आहे. तिथल्या तळ्याभोवती अकरा देशांची दालनं उभी आहेत. त्यातलं इटलीचं दालन म्हणजे व्हेनिसचा सेंट मार्क चौक: डोजेचा, म्हणजे व्हेनिसच्या शासकाचा गुलाबी-पांढरा महाल, उंच घंटामनोरा, पाण्यात बांधून ठेवलेल्या गोंडोला. मूळ व्हेनिसमध्ये पाण्याकडून पाहिलं तर महाल उजवीकडे आणि मनोरा डावीकडे दिसतो, इथे तो क्रम उलटा आहे. या चौकाच्या पाठीमागे २०१० साली ‘व्हिया नापोली’ हा पिझ्झेरिया सुरू झाला. त्यातल्या लाकडाच्या तीन भट्ट्यांना व्हेसुव्हिओ, एटना आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींची नावं दिली आहेत. आता नेपल्स आणि व्हेनिस ही शतकानुशतकं वेगवेगळी राज्यं होती. नेपल्स इटलीत आलं १८६१ मध्ये आणि व्हेनिस १८६६ मध्ये. दोन्हीकडची भाषा वेगळी, ताटही वेगळं. व्हेनिसच्या चौकात नेपल्सची भट्टी पेटवणं ही सुट्टीवर आलेल्या पर्यटकांसाठी केलेली खिचडी आहे, असं कोणीही सहज म्हणेल. मला मात्र ही भट्टी खिचडीपेक्षा पुरावा म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. गरिबांचा एक पदार्थ देशाच्या दर्शनी भागात कधी आणि कोणाच्या बळावर पोहोचला, हे तिच्यावरून कळतं. तिथवर त्याला इटलीच्या दरबाराने किंवा विद्वानांनी नेलं नाही. त्याला नेलं ते देश सोडून गेलेल्यांनी आणि सहलीला निघालेल्यांनी.

एकोणिसाव्या शतकात प्रतिष्ठित मंडळींना पिझ्झ्याबद्दल काय वाटत होतं, ते आधी पाहायला हवं. फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्यूमाने १८४३ मधल्या आपल्या प्रवासवर्णनात नेपल्सचे निष्कांचन लोक हिवाळ्यात पिझ्झ्यावर आणि उन्हाळ्यात कलिंगडावर दिवस काढतात, असं नोंदवलं. कॉलऱ्याच्या साथीने नेपल्स हादरलं त्या १८८४ साली पत्रकार माटिल्डे सेराओने शहरातल्या दारिद्र्यावर लिहिलं. तिच्या लेखनात पिझ्झा येतो तो उपाशी वस्तीच्या पोटपूजेचं साधन म्हणून. कोणाकडे रोख पैसे नसत, म्हणून आज खायचं आणि आठव्या दिवशी पैसे द्यायचे, अशी उधारीची चाल त्या गल्ल्यांमध्ये रूढ होती. ‘पिनोकिओ’चा लेखक कार्लो कोलोदी फ्लॉरेन्सचा. त्याने मुलांसाठी लिहिलेल्या इटलीच्या प्रवासवर्णनात पिझ्झ्याचं रूप विकणाऱ्याच्या कळकट अवताराला शोभणारं आहे, अशा अर्थाचा शेरा मारला. टस्कनीच्या सुशिक्षित माणसाला तो आपल्या देशाचा पदार्थ वाटतच नव्हता. आज डिस्नेच्याच मॅजिक किंग्डममध्ये पिनोकिओच्या नावाचं उपाहारगृह आहे आणि तिथे पिझ्झा मिळतो. सव्वाशेहून अधिक वर्षांत काय बदललं, हे यातून लख्ख दिसतं.

यावर लगेच मार्गारिताची गोष्ट पुढे केली जाईल. १८८९ मध्ये राणी मार्गारिता नेपल्सला आली, रफाएले एस्पोसितोने तिच्यासाठी टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीतल्या बॅसिलचा तिरंगी पिझ्झा केला, राणीला तो आवडला आणि तिथून पिझ्झ्याला राजमान्यता मिळाली, असं सांगतात. तसं असेल तर दरबाराचा वाटा मानावाच लागेल. पण झॅकरी नोवाक या इतिहासकाराने २०१४ मध्ये या कथेची छाननी करून तिचा आधार असलेलं पत्र संशयास्पद ठरवलं. शिवाय टोमॅटो, मोझरेला आणि बॅसिल घातलेल्या पिझ्झ्याचं वर्णन १८६६ मधल्या नेपल्सच्या चालीरीतींवरच्या ग्रंथात आधीच सापडतं. घटकाभर गोष्ट खरी धरली तरी तिने पुढे काही घडवलं नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मिलान-तुरिनकडच्या सामान्य माणसाला पिझ्झा जवळजवळ अनोळखीच होता. राणीच्या पसंतीने जे झालं नाही ते पुढे दक्षिणेतून उत्तरेला कामासाठी गेलेल्या मजुरांमुळे आणि इटलीत येऊन पिझ्झा मागणाऱ्या परदेशी पाहुण्यांमुळे झालं.

त्या परदेशी पाहुण्यांची ओळख पिझ्झ्याशी झाली होती ती अमेरिकेत. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन तिकडे गेले, आणि त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे होते. न्यूयॉर्कच्या स्प्रिंग स्ट्रीटवरच्या जेन्नारो लोम्बार्दीच्या दुकानाची सुरुवात परंपरेने १९०५ ची मानतात. तिथे लाकडाऐवजी दगडी कोळशाची भट्टी आली, कारण त्या शहरात कोळसा सहज मिळत होता. माझ्या मुद्द्यासाठी मात्र मॅनहॅटनपेक्षा कोनी आयलंड अधिक बोलकं आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या या करमणुकीच्या नगरीत १९०४ मध्ये ड्रीमलँड नावाचं उद्यान उघडलं. त्यात डोजेच्या महालाची प्रतिकृती होती, आत व्हेनिसचे कालवे आणि गोंडोला होत्या, आणि व्हेसुव्हिओच्या उद्रेकात पाँपेई कसं गडप झालं त्याचा देखावाही होता. म्हणजे एपकॉटच्या ७८ वर्षं आधी व्हेनिस आणि नेपल्सचा ज्वालामुखी एकाच तिकिटाच्या जत्रेत शेजारी आले होते. पण त्या इटलीत पिझ्झा नव्हता. प्रेक्षकाला दाखवायची इटली म्हणजे संगमरवर, कालवे आणि प्राचीन अवशेष. इटालियन मजूर जे खात होते ते या देखाव्याबाहेर, त्यांच्या वस्त्यांमध्ये होतं. ड्रीमलँड १९११ मध्ये जळून खाक झालं. पुढे १९२० च्या सुमारास भुयारी रेल्वे कोनी आयलंडला पोहोचली, पाच सेंटांत कामगारांची कुटुंबं रविवारी किनाऱ्यावर येऊ लागली, आणि १९२४ मध्ये लोम्बार्दीकडे काम केलेल्या अँथनी पेरोने तिथेच नेपच्यून अ‍ॅव्हेन्यूवर ‘टोटोनोज’ काढलं. सहलीचा दिवस आणि पिझ्झा यांची सांगड थीम पार्कांच्या कितीतरी आधी, अशा ठिकाणी पडत गेली.

ही सांगड टिकण्यामागे पदार्थाचे स्वतःचे गुणही आहेत. तो हाताने खाता येतो, एकाचे आठ भाग होतात, लहान मूलही नाक मुरडत नाही. त्याला तयार व्हायला वेळ लागतो हेसुद्धा कामाचं ठरलं. अटारी कंपनीच्या नोलन बुशनेलने १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे हलत्या-बोलत्या बाहुल्या आणि खेळयंत्रं असलेलं पिझ्झागृह काढलं. त्याने पिझ्झा निवडला, कारण तो भाजून येईपर्यंत मुलं खेळांमध्ये नाणी घालत राहतात.

तरीही १९८२ मध्ये एपकॉटचं इटली दालन उघडलं तेव्हा मान पिझ्झ्याला मिळाला नाही. तिथे आलं ते रोमच्या आल्फ्रेदोच्या नावाचं रेस्टॉरंट. आल्फ्रेदोची लोणी-चीज घातलेली फेत्तुचिने जगभर गाजली तीही १९२० च्या दशकात मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या हॉलिवूडच्या जोडप्यामुळे. एका परीने हाही पर्यटकांनी मोठा केलेला पदार्थ, पण पांढरं कापड अंथरलेल्या टेबलावरचा. पिझ्झ्याला स्वतःची इमारत मिळायला आणखी २८ वर्षं जावी लागली.

याच २०१० मध्ये युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झ्याची पारंपरिक कृती नोंदवून घेतली: व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, भट्टीचा तळ सुमारे ४८५ अंश सेल्सिअस, भाजणं ६० ते ९० सेकंदांत. मग अस्सल काय ते ठरलेलं असताना ‘व्हिया नापोली’तल्या, कुटुंबाने वाटून खायच्या मोठ्या पिझ्झ्यांना नेपल्सचं नाव का द्यायचं, असा आक्षेप निघतो. आक्षेप चवीपुरता मला मान्य आहे. इतिहासाचं प्रमाण म्हणून तो टिकत नाही. नेपल्समधली पिझ्झा-रक्षक संघटना स्थापन झाली १९८४ मध्ये. पिझ्झा जगभर पसरल्यानंतर, त्या पसरण्याला उत्तर म्हणून हे नियम लिहिले गेले. २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा-कारागिरांच्या कलेला वारशाचा दर्जा दिला, तोही जगाने आधी त्यांच्या दारात गर्दी केल्यामुळे. ऑस्ट्रियात जन्मून दशनामी संन्यासी झालेल्या अगेहानंद भारतींनी १९७० मध्ये ‘पिझ्झा इफेक्ट’ची कल्पना मांडली ती याच निरीक्षणावरून. परदेशात मान मिळवून परतलेली गोष्ट मायदेशी नव्याने थोर ठरते, हे त्यांना आधुनिक हिंदू धर्माबद्दल सांगायचं होतं. इटलीत पिझ्झा नुसती साधी रोटी होती, हे त्यांचं गृहीतक मात्र १८६६ च्या वर्णनापुढे टिकत नाही. पदार्थ आधीच रसरशीत होता. प्रतिष्ठा तेवढी बाहेरून आली.

थीम पार्कवर घ्यायचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला खोडता येत नाही. तिथल्या पिझ्झ्यातून भूक पुसली गेली आहे. जिथे आठ दिवसांच्या उधारीवर पोट भरायचं, त्या शहराच्या नावाच्या रेस्टॉरंटात आता ६० दिवस आधीपासून टेबल राखून ठेवता येतं. तिथे वाढायला इटलीतले तरुण येतात. आपल्या देशाची संस्कृती दाखवायला येणाऱ्यांसाठी अमेरिकेने १९९० च्या कायद्याने वेगळा व्हिसा केला आहे आणि मुदत संपली की ते घरी परततात. जहाजाच्या तळघरातून आलेल्या ४० लाखांची मात्र तिथे खूणही नाही. एपकॉटच्या तळ्याकाठी इटलीला अगदी लागून अमेरिकेचं दालन आहे. पिझ्झ्याचा इतिहास घडला तो नेमका या दोन दालनांच्या मधल्या प्रवासात. स्प्रिंग स्ट्रीटचं दुकान आणि नेपच्यून अ‍ॅव्हेन्यूची कोळशाची भट्टी तिथे एखाद्या भिंतीवर तरी मांडायला हवी होती. पिझ्झ्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना ते वाचायला वेळही आहे.