एकच प्रोजेक्ट, तीन प्रोग्राम: 'कार्गो'मध्ये हे कसं जमतं?

कागल तालुक्यात ऊस पिकवणाऱ्याला हंगामात दोन कागदांची वाट बघावी लागते. आधी काट्याची पावती आणि नंतर बिल. पावतीवर वजन, बिलावर रक्कम. खुद्द कागल, बिद्री, हमीदवाडा, बेलेवाडी काळम्मा अशा ठिकाणी साखर कारखाने असलेल्या या तालुक्यात या दोन कागदांवर वर्षभराचा संसार चालतो. ते दोन्ही आता संगणकातून येतात, आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या संगणकांवरच्या दोन वेगळ्या प्रोग्राममधून.

इथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला एक जुना प्रश्न पडतो. काट्यावरचा प्रोग्राम वेगळा, हिशोब विभागातला वेगळा आणि संचालकांना आकडे दाखवणारा तिसरा. पण आतला नियम एकच. मग तीन प्रोजेक्ट करायचे, की एकाच प्रोजेक्टमधून तीन प्रोग्राम काढायचे?

उत्तर बहुतेक वेळा दुसरं असतं. ते कसं करायचं आणि त्यात कुठे फसायला होतं, हे 'रस्ट' या भाषेच्या 'कार्गो' या पॅकेज मॅनेजरच्या आधाराने समजून घेऊ. उदाहरणातला कारखाना आणि त्याचं सॉफ्टवेअर काल्पनिक आहे. दराचे आकडे मात्र खरे आहेत.

आधी शब्द

आपण लिहितो तो कोड संगणकाला थेट चालवता येत नाही. कंपायलर त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि चालवता येईल अशी फाइल तयार होते. तिला एक्झिक्युटेबल किंवा बायनरी म्हणतात. विंडोजवर डबल क्लिक केल्यावर उघडणारी 'डॉट ईएक्सई' फाइल म्हणजे हीच.

पॅकेज मॅनेजर म्हणजे इतरांनी लिहिलेल्या लायब्ररी आणून देणारा, त्यांच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारा मदतनीस. कार्गो याच्या पुढचंही काम करतो. कोड कंपाइल करणं, चाचण्या चालवणं, प्रोग्राम इन्स्टॉल करणं हे सगळं त्याच्याकडेच असतं. रस्टची 1.0 आवृत्ती 15 मे 2015 रोजी आली, तेव्हापासून कार्गो तिच्यासोबतच मिळतो.

तीन प्रोजेक्ट केले तर काय बिघडतं?

2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवली. उतारा त्यापेक्षा जास्त असेल, तर प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढ.

आता उतारा 11.50 धरा. 10.25 च्या वर 1.25 टक्के झाले. म्हणजे टप्पे किती? 12 की साडेबारा?

बिलाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने पूर्ण टप्पेच मोजले, तर दर 396.52 रुपये येतो. अहवालाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने अर्धा टप्पाही धरला, तर 398.25. क्विंटलमागे 1.73 रुपयांचा फरक, म्हणजे टनाला 17.30. दोन एकरांत 80 टन ऊस काढलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत हा फरक 1,384 रुपये होतो, तोही तोडणी-वाहतुकीची वजावट व्हायच्या आधीच.

यातला बरोबर अर्थ कोणता, हे प्रोग्रामरने ठरवायचं नाही. ते काम हिशोब विभागाचं आहे. पण तो अर्थ एकदाच आणि एकाच जागी लिहिलेला असला पाहिजे. ऊसपट्ट्यात 'काटा' हा शब्द नुसत्या यंत्राचा नाही, संशयाचाही आहे. पावती, बिल आणि अहवालाचे आकडे जुळले नाहीत, तर त्यामागे दोन प्रोग्रामरांची दोन डोकी होती हे कुणाला पटणार नाही.

याहून चोरपावलांनी येणारी चूकही आहे. उतारा 10.35 असेल तर वाढ बरोबर एका टप्प्याची हवी. पण 10.35 ही संख्या संगणकाच्या नेहमीच्या दशांश प्रकारात तंतोतंत बसत नाही, किंचित कमी साठवली जाते. त्यातून 10.25 वजा केले की 0.1 ऐवजी 0.0999999999999996 च्या आसपास उत्तर येतं. 'पूर्ण टप्पे किती?' असं विचारलं की प्रोग्राम म्हणतो, शून्य. यावर उपाय साधा आहे. उतारा टक्क्यांच्या शंभराव्या भागात पूर्णांक म्हणून ठेवायचा. 1035 वजा 1025 म्हणजे 10, आणि दहाचा एक टप्पा. पैशांचंही तसंच, रुपये दशांशात न ठेवता सगळं पैशांत मोजायचं. पण ही सुधारणा एका प्रोजेक्टमध्ये झाली आणि उरलेल्या दोघांत राहून गेली, तर उपयोग काय?

फोल्डरची मांडणी

म्हणून प्रोजेक्ट एकच. कार्गोला त्याची रचना अशी लागते (प्रत्यक्षात ही नावं रोमन अक्षरांत टाइप करायची):

ऊसहिशोब/
— कार्गो.टॉमल
— एसआरसी/
—— लिब.आरएस
—— बिन/
——— काटा.आरएस
——— बिल.आरएस
——— अहवाल.आरएस

'कार्गो.टॉमल' ही प्रोजेक्टची कुंडली. नाव, आवृत्ती आणि कोणत्या लायब्ररी लागतात हे तिच्यात लिहिलेलं असतं. 'लिब.आरएस' मध्ये सामाईक नियम येतात: भरलेल्या वाहनाच्या वजनातून रिकामं वजन वजा करून निव्वळ वजन काढणं, उताऱ्यावरून दर काढणं, वजावटी. आणि 'बिन' फोल्डरमधली प्रत्येक फाइल म्हणजे एक स्वतंत्र प्रोग्राम. तिच्यात 'मेन' नावाचं फंक्शन असलं की पुरे. कार्गोला वेगळं काही सांगावं लागत नाही. तो फोल्डर बघतो आणि फाइलच्या नावाचा प्रोग्राम तयार करतो.

एखादा प्रोग्राम वाढत जाऊन एका फाइलमध्ये मावेनासा झाला, तर 'बिन'मध्ये त्याच्या नावाचं फोल्डर करून आत 'मेन.आरएस' ठेवता येते. 'एसआरसी'मध्ये थेट 'मेन.आरएस' असेल, तर पॅकेजच्या नावाचा आणखी एक प्रोग्राम तयार होतो. फाइलचं नाव एक आणि प्रोग्रामचं दुसरं हवं असेल, तर 'कार्गो.टॉमल'मध्ये दुहेरी चौकटी कंसात 'बिन' असा विभाग लिहून नाव आणि पत्ता द्यायचा. प्रोग्राम तीन असतील तर असे तीन विभाग.

तिन्ही प्रोग्राम 'लिब.आरएस'मधला कोड वापरतात तो 'यूज' लिहून, पॅकेजच्या नावाने, एखादी बाहेरची लायब्ररी वापरावी तसा. नवशिके इथे हमखास चुकतात. ते प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलमध्ये 'मॉड' लिहून तीच सामाईक फाइल पुन्हा जोडतात. प्रोग्राम चालतो, म्हणून चूक कळत नाही. पण मग तो कोड प्रत्येक प्रोग्रामचा खासगी भाग म्हणून वेगवेगळा कंपाइल होतो, आणि एका प्रोग्रामला न लागणाऱ्या फंक्शनबद्दल 'हे वापरलेलंच नाही' असे इशारे येत राहतात. सामाईक ते 'लिब'मध्ये, एवढं पाळलं की हा गोंधळ होत नाही.

आज्ञा

'कार्गो बिल्ड' म्हटलं की तिन्ही प्रोग्राम तयार होतात आणि 'टार्गेट' फोल्डरमधल्या 'डीबग'मध्ये जातात. प्रत्यक्ष वापरासाठी '--रिलीज' जोडायचं. मग जास्त वेगाने चालणाऱ्या फाइली 'रिलीज' फोल्डरमध्ये मिळतात. एकच हवा असेल तर 'कार्गो बिल्ड --बिन बिल'.

नुसतं 'कार्गो रन' केलं तर मात्र कार्गो अडतो. कोणता प्रोग्राम चालवायचा हे ठरवता येत नाही, असं सांगून तो उपलब्ध नावांची यादी देतो. तेव्हा 'कार्गो रन --बिन काटा' असं नाव घ्यावं लागतं. सारखा एकच चालवायचा असेल तर 'कार्गो.टॉमल'मध्ये 'डिफॉल्ट-रन' म्हणून त्याचं नाव लिहून ठेवता येतं. 'कार्गो इन्स्टॉल'ने सगळे प्रोग्राम इन्स्टॉल होतात, तिथेही '--बिन' देऊन एकच निवडता येतो.

खरी मेख इथे आहे

एक प्रोजेक्ट, एक नियम, म्हणजे प्रश्न मिटला असं वाटतं. तो अर्धाच मिटतो.

सामाईक कोड एका जागी असतो तो लिहिलेल्या स्वरूपात. कंपाइल करताना रस्ट त्या कोडची प्रत प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात घालतो. 'काटा', 'बिल' आणि 'अहवाल' तयार झाले की प्रत्येकाजवळ नियमाची स्वतःची प्रत असते. काट्यावरच्या संगणकाला हिशोब विभागात काय बदललं हे कळायचा काही मार्ग नसतो.

समजा नव्या हंगामाची एफआरपी आली. 'लिब.आरएस'मध्ये आकडा बदलला. बिलं काढायची घाई आहे, म्हणून 'कार्गो बिल्ड --रिलीज --बिन बिल' केलं. बिलाचा प्रोग्राम नवा झाला. पण त्याच 'रिलीज' फोल्डरमध्ये 'अहवाल'ची मागच्या वेळची फाइल तशीच पडून आहे, जुना दर पोटात घेऊन. कार्गो ती पुसत नाही. पुसणार तरी का, कुणी सांगितलंच नव्हतं. आता कुणी पूर्ण फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर टाकलं, की एक प्रोग्राम नव्या दराने आणि दुसरा जुन्या दराने चालू लागतो. एकाच प्रोजेक्टमधून निघूनही दोघांचं जमत नाही.

त्यामुळे वापरासाठी द्यायच्या प्रोग्रामांबाबत '--बिन' टाळलेलं बरं. सगळे एकदम तयार करायचे आणि सगळे एकदम बदलायचे. '--बिन' आहे ते काम चालू असताना वेळ वाचवण्यासाठी. दर दरवर्षी बदलतो हे माहीत असताना तो कोडमध्ये कोरून ठेवू नये, तिन्ही प्रोग्राम वाचतील अशा एका सेटिंगच्या फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये ठेवावा, हेही खरंच. पण टप्पे कसे मोजायचे, पैसे कुठे पूर्णांकात घ्यायचे, हे नियम कोडमध्येच राहतात, आणि प्रश्न त्यांचाच आहे.

चाचण्यांची इथे मोठी मदत होते. 'टेस्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये लिहिलेल्या चाचणीला कार्गो प्रत्येक प्रोग्रामचा पत्ता पुरवतो. त्यामुळे एकच काल्पनिक खेप 'बिल'लाही द्यायची, 'अहवाल'लाही द्यायची आणि दोन्हींची रक्कम पैशापर्यंत जुळते का ते बघायचं, अशी चाचणी लिहिता येते. 10.35 आणि 11.50 हे दोन उतारे त्यात नक्की असावेत.

तीनच का, एक का नको?

एकाच प्रोग्रामला पोटआज्ञा देता येतात, 'गिट' वापरणाऱ्यांना हे माहीत असतं. 'ऊसहिशोब काटा', 'ऊसहिशोब बिल' असं करता आलं असतं. मग प्रत एकच, जुन्या-नव्याची सरमिसळ नाही. याच विचाराचं टोक म्हणजे 'बिझीबॉक्स'. लिनक्सच्या कितीतरी छोट्या आज्ञा त्याने एकाच फाइलमध्ये बसवल्या आहेत, आणि ती फाइल ज्या नावाने हाक मारावी तसं काम करते. 1995 मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी ते सुरू केलं, तेव्हा अडचण फ्लॉपीवरच्या जागेची होती.

पण काट्यावरच्या संगणकावर बिल काढायची सोय असूच नये, हे कारखान्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. तिथे पाळ्यांमध्ये माणसं बदलतात, बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. ज्या टेबलावर जे काम, तेवढाच प्रोग्राम तिथे. अशा वेळी वेगळे प्रोग्रामच योग्य.

याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते. एका पॅकेजमधल्या सगळ्या प्रोग्रामांची बाहेरच्या लायब्ररींची यादी एकच असते. काट्याला वजनयंत्राशी सीरियल पोर्टवरून बोलणारी लायब्ररी लागते. बिलाला ती नको, तरी बिल कंपाइल करतानाही ती आणावी लागते. हे फारच जड झालं तर 'वर्कस्पेस' करायचं. म्हणजे काटा, बिल, अहवाल आणि सामाईक नियम अशी चार पॅकेजेस एका छताखाली. प्रत्येकाची यादी वेगळी, पण 'कार्गो.लॉक' आणि 'टार्गेट' फोल्डर एकच, त्यामुळे एखादी लायब्ररी दोघांना लागली तरी तिची तीच आवृत्ती दोघांना मिळू शकते. दोन-तीन छोट्या प्रोग्रामांसाठी मात्र पहिल्या दिवसापासून वर्कस्पेस मांडणं म्हणजे एका बैलगाडीसाठी पूल बांधणं.

इतर भाषांतही सोय जवळपास अशीच आहे. पायथॉनमध्ये 'पायप्रोजेक्ट.टॉमल'च्या 'स्क्रिप्ट्स' विभागात, जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये 'पॅकेज.जेसन'च्या 'बिन' या नोंदीत एकाहून जास्त आज्ञांची नावं देता येतात. हॅस्केलच्या कबालमध्ये प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र 'एक्झिक्युटेबल' विभाग लिहितात. गो भाषेत 'सीएमडी' फोल्डरखाली प्रत्येक प्रोग्रामचं उपफोल्डर करायची रीत आहे.

कार्गोमध्ये आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. एका पॅकेजमधल्या सगळ्या प्रोग्रामांचा आवृत्ती क्रमांक एकच असतो, आणि कंपाइल होताना तो कोडला वाचता येतो. तो काट्याच्या पावतीवर, बिलावर आणि अहवालावर खाली बारीक अक्षरांत छापायचा, आणि नियम बदलला की 'कार्गो.टॉमल'मध्ये वाढवायचा. शेतकरी दोन कागद घेऊन ऑफिसात आला आणि एकावर 1.4.0, दुसऱ्यावर 1.3.2 दिसलं, तर कोणत्या संगणकावर जुना प्रोग्राम राहिलाय हे तिथल्या तिथे कळतं.